परमिट रूमचा पडदा

डब्लिन शहराचा साहित्यिक नकाशा तेथील पब वगळून काढता येत नाही. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' (1922) मधील ब्लूम भर दुपारी डेव्ही बर्नच्या पबमध्ये शिरतो; आजही दर 16 जूनला वाचक त्याच्या वाटेने फिरतात. मुंबईच्या उपनगरांचा असा नकाशा मराठी साहित्याच्या आधारे काढता येईल काय? आमच्या मते, नाही.

याचे एक कारण कायद्यात आहे. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यपान गुन्हा ठरवले. साठच्या दशकात बंधने सैलावली, परवान्याची अट मात्र उरली. 'परमिट रूम' हे नाव त्या अटीचेच अपत्य. हा परवाना आरोग्यरक्षणासाठी दिला जातो, हा विनोद कायद्याचा, आमचा नव्हे! काळ्या काचा, मंद दिवे, दारावर पडदा : या वास्तूचा चेहराच लपण्यासाठी घडला.

पडद्याआड मात्र वस्तीगणिक जग बदलते. मरोळच्या औद्योगिक वसाहतीलगत पाळी संपलेला कामगार चकण्यासोबत क्वार्टर रिचवून गाडी गाठतो. अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई मार्गाकडील नव्या पबांना मात्र आपण दिसावे असेच वाटते. भांडुप-मुलुंड पट्ट्यातील कारखाने गेले, तेथे मॉल आणि मनोरे आले. पण शेट्टी मंडळींचे जुने बार कोठे कोठे तग धरून आहेत. एकाच बारमध्ये साधा विभाग आणि एसी विभाग यांचे दर वेगळे असतात. वर्गव्यवस्थेचा याहून सोपा धडा कोणता?

मराठी साहित्याने दारुडा पाहिला. 'एकच प्याला' (1919) मधील सुधाकर आणि तळीराम आपल्या सामूहिक स्मृतीत आहेत. भाऊ पाध्ये, नामदेव ढसाळ यांनी महानगराचे तळघर उघडले. पण समीक्षेने त्यात बहुधा बंडखोरीच वाचली. कोण कोणासोबत बसतो, उधारी कोणाला मिळते, वेटर कोणत्या गावचा, हे प्रश्न तिने क्वचितच विचारले. कायद्याने ओढलेला पडदा समीक्षेनेही तसाच राहू दिला.

हे मद्यपानाचे उदात्तीकरण नव्हे काय, असा आक्षेप येईल. उलट, पडद्याची किंमत कोण मोजतो ते पाहावे. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर बळी घेतले. ती माणसे बहुतांशी गरीब वस्तीतली होती. 2005 च्या डान्सबारबंदीने हजारो स्त्रियांची रोजी हिरावली. ती बंदी 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. तोवर आठ वर्षे उलटली होती. या माणसांची नोंद वृत्तपत्रांनी आणि न्यायालयांनी घेतली. त्यांचे रोजचे बसणे-उठणे, हिशेब आणि भाषा लिहिण्याचे काम साहित्याचे होते. विद्यार्थ्यांना डब्लिनचे पब शिकवताना आपण मुलुंडच्या परमिट रूमबद्दल गप्प राहतो. हे मौन सभ्यतेचे नाही, सोयीचे आहे.