गळा, पेटी आणि हलका कारकून

गेल्या दोन-तीन वर्षांत बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून मला एक विचारणा वारंवार होऊ लागली आहे. "मास्तर, घरचे गाणे टिपून ठेवायचे आहे. गळा आणि पेटी दोन्ही एकदम आली पाहिजेत. लॅपटॉपमध्ये कोणते सॉफ्टवेअर घालावे?" विचारणारे बहुधा चिरंजीव असतात किंवा सूनबाई, आणि गाणारी असते सत्तरी-ऐंशीतली आजी. प्रश्न साधा दिसतो. पण त्याला बाजारात जे उत्तर मिळते ते मला मुळीच मान्य नाही.

बाजाराचे उत्तर असे की, जे स्टुडिओवाले वापरतात तेच घ्या. शंभर वाद्यांचे आवाज आत भरलेले, अनेक गिगाबाइटांचे, पडद्यावर विमानाच्या खोलीसारखी बटणे असलेले! लग्नाच्या मांडवासाठी आणलेली कढई दोन माणसांच्या पिठल्याला चुलीवर चढवावी, तसा हा प्रकार आहे. कढईने निदान नुकसान तरी होत नाही. येथे होते, आणि ते मी स्वतः करून बसलो आहे.

दांडिया बाजारातल्या एका वाड्यात एक काकू राहत. वय ब्याऐंशी. त्यांच्याकडे त्यांच्या सासऱ्यांकडून आलेली एक चीज होती, जी माझे वडील गात असत पण ज्याचा अंतरा मला कधी पुरा मिळाला नव्हता. वडील अगदी पोरवयात दरबारच्या नोकरीत लागले आणि १९४९ साली संस्थान विलीन झाले. मी त्यांच्या उतारवयातला, त्यामुळे शिकायचे बरेच राहून गेले. काकूंनी गायचे कबूल केले. मी नुकतेच एक भारी सॉफ्टवेअर विकत घेतले होते. नाव सांगत नाही, कारण दोष निम्मा माझाच. लॅपटॉप जुना, स्मृती चार जीबीची. काकू तंबोऱ्याला सूर लावून बसल्या, मी कीबोर्डवर पेटीचा आवाज लावला. कीबोर्डवर मी नुसत्या पट्ट्या दाबायच्या आणि त्यांचा आवाज संगणकाने घडवायचा, अशी मोठी हौशी मांडणी मी केली होती. अंतरा आला. असा आला की माझा हात क्षणभर थांबला. आणि पडदाही थांबला. पुन्हा उघडून पाहतो तो पहिली चाळीस सेकंदे शिल्लक!

काकू रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अरे बाबा, रेडिओवाले बरे रे. लाल दिवा लागला की गायचे, विझला की उठायचे." मग त्यांनी पुन्हा म्हटली, पण दमलेल्या गळ्याने, आणि अंतरा निम्म्यावर सोडला. पुढल्या खेपेला येतो म्हणून मी निघालो. पुढली खेप आली नाही; त्या दिवाळीनंतर काकू गेल्या.

तेव्हापासून मी या विषयात लक्ष घातले. चूक कुठे झाली ते समजले म्हणजे निवड आपोआप होते. कीबोर्डातून दोन गोष्टी निघू शकतात. एक, प्रत्यक्ष आवाज. दुसरी, कोणती पट्टी केव्हा आणि किती जोराने दाबली याची नुसती नोंद, जिला मिडी म्हणतात. मिडीत आवाज नसतो. तो संगणकाला त्याच क्षणी घडवावा लागतो. आता संगणक ध्वनी थेंबाथेंबाने घेत नाही, घागरीने घेतो. १,०२४ नमुन्यांची घागर धरली, तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने ती भरायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवेतला आवाज आठ मीटर जातो. म्हणजे पेटीवाला तुमच्या मांडीला मांडी लावून बसलेला असून ऐकू मात्र दिवाणखान्याच्या पलीकडून येतो! घागर लहान केली, २५६ नमुन्यांची, तर हा उशीर सहा मिलिसेकंदांच्या आत येतो. पण मग संगणकाची धावपळ चौपट होते आणि जुना लॅपटॉप धापा टाकू लागतो. माझा तसाच पडला.

यावर उपाय इतका सोपा की सांगताना लाज वाटते. कीबोर्डचा आवाज कीबोर्डलाच घडवू द्यावा, आणि तो तारेने बाहेर घ्यावा. दोन तोंडांचा एक साधा ऑडिओ इंटरफेस आणावा. एका तोंडात माइक, दुसऱ्यात कीबोर्डची तार. बहुतेक इंटरफेसवर आपलाच आवाज संगणकाच्या आत न जाता थेट हेडफोनमध्ये ऐकण्याची सोय असते, ती चालू करावी. म्हणजे गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला उशीर म्हणून उरत नाही, आणि संगणकाकडे फक्त कारकुनी राहते: आले ते लिहून ठेवणे. कारकुनाला पागोटे कशाला हवे?

अशा कारकुनीसाठी मी दोनच नावे घेतो. पहिली ऑडॅसिटी. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात तिचा जन्म झाला आणि २००० साली ती लोकांसाठी खुली झाली. आजही ती फुकट आहे. २०२१ साली तिची मालकी एका कंपनीकडे गेली, तेव्हा वापरणाऱ्यांची माहिती गोळा केली जाईल म्हणून बरीच ओरड झाली होती. पण घरच्या गाण्यासाठी ती आजही चोख काम देते. गळा डाव्या कानात आणि पेटी उजव्या कानात अशी एकाच स्टिरिओ पट्टीवर घ्यावी, आणि नंतर तिचे दोन मोनो ट्रॅक करावेत. म्हणजे पेटी कमी-जास्त करता येते. सर्वांत महत्त्वाचे हे की मध्येच बंद पडली, तर पुन्हा उघडताच अपुरे राहिलेले ध्वनिमुद्रण ती परत देऊ करते. काकूंच्या दिवशी मला एवढेच हवे होते.

दुसरे रीपर. उतरवून घ्यायचा ऐवज वीस एमबीच्या आतबाहेर, म्हणजे मोबाइलवर येणाऱ्या एखाद्या लग्नपत्रिकेच्या चित्रफितीएवढा. साठ दिवस वापरून पाहता येते, नंतर घरगुती वापराचा परवाना साठ डॉलरना, आपल्या पाच हजार रुपयांच्या आसपास. यात माइक आणि कीबोर्ड पहिल्यापासूनच निरनिराळ्या ट्रॅकवर घेता येतात. शिष्यांची गाणी नियमाने टिपणाऱ्याने हेच घ्यावे. वर्षातून दोनदा आजीचे गाणे घेणाऱ्याला ऑडॅसिटी पुरे. ज्यांच्या घरी ॲपलचा संगणक आहे त्यांना गॅरेजबँड फुकट मिळते. त्यांनी निवडीचा विचारच करू नये.

जागेची भीती कोणी घालू नये. चोवीस बिटांच्या दर्जाने दोन ट्रॅक तासभर घेतले तरी एक जीबी भरत नाही.

आता काही मित्र म्हणतात, "एकदम घेताच कशाला? पेटी आधी घ्या, गळा नंतर. चुकले तर तेवढेच दुरुस्त करता येईल." येथे माझा खरा मतभेद आहे. भावगीताला हे चालेल, कारण तेथे चाल आणि मात्रा ठरलेल्या असतात. पण ख्यालाची साथ म्हणजे गळ्याच्या मागे अर्धे पाऊल चालणे. पेटी आधी घेतली की हे नाते उलटते. गवई पेटीच्या मागे धावू लागतो. आधीच पेटीचे सूर पक्के, गळ्याच्या मींडीला न जुमानणारे. याच तक्रारीवरून १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले, ते १९७१ साली किलकिले झाले. त्या अडेल वाद्याला गाण्याच्या मागे चालायला शिकवण्यात आपल्या पेटीवाल्यांच्या पिढ्या खर्ची पडल्या, आणि आपण एका कळीसरशी तिला पुढे बसवायचे! शिवाय दुरुस्तीची सवय वाईट. फैयाज खाँसाहेबांनी तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांत गायले ते सर्वांसह एका दमात. चुकले तर सारे पुन्हा. माझ्या वर्गातील मुले आता तान बिघडली की थांबतात आणि म्हणतात, "मास्तर, एवढे कापून टाका ना." मी कापत नाही.

खरी पेटीच वापरायची असेल तर दोन माइक लागतील. गळ्याचा माइक पाठीकडून बहिरा असणारा घ्यावा, आणि ती बहिरी बाजू पेटीकडे करावी. माझ्याकडे वडिलांची एकच कॅसेट आहे. कोणा भल्या माणसाने टेपरेकॉर्डर पेटीवरच ठेवला होता. त्यामुळे पेटीच्या भात्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो, आणि वडील मात्र शेजारच्या खोलीत गात असल्यासारखे! आवाज वेगळे काढणारी नवी यंत्रे मी लावून पाहिली. पण पेटी आणि गळा एकाच सुरावर टेकतात तेथे यंत्रालाही दोघांत भेद करता येत नाही. नेमके ठेहरावाच्या जागी वडील नाहीसे होतात.

तेव्हा ज्यांच्या घरी कोणी गाणारे आहे त्यांनी इंटरफेस आणि माइक यांवर पैसे घालावे, सॉफ्टवेअरवर नव्हे. गाण्याच्या आदल्या दिवशी दहा मिनिटे नुसते बोलून टिपून पाहावे. लॅपटॉपचे इंटरनेट बंद करावे, बाकीचे सारे बंद करावे. आणि टिपलेले त्याच संध्याकाळी दुसऱ्या एखाद्या ठिकाणी उतरवून ठेवावे.

काकूंचा तो अर्धा अंतरा माझ्याकडे आहे. उरलेल्या दोन ओळी कोणाच्या घरी असतील तर मला कळवावे. मी जुना लॅपटॉप घेऊन येईन.