सुई चकतीच्या बाजूला गेली तर

मेयो क्लिनिकमध्ये १९७९ साली आठ कर्करुग्णांना मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात मॉर्फिन दिले गेले. या वाटेचा हिशेब वेदनातज्ज्ञांना पाठ आहे : तोंडाने ३०० मिलिग्रॅम, तर मणक्यात साधारण १. पुढे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या २०२ रुग्णांच्या चाचणीत, कातडीखाली बसवून याच वाटेने औषध सोडणाऱ्या पंपाच्या गटातले औषधांचे दुष्परिणाम निम्म्याने उतरले. नुसत्या औषधोपचारांवरच्या गटात ही घट १७ टक्के होती. पंपाची बाजू भक्कम आहे, म्हणूनच त्याच्या गुंतागुंतीबद्दल मोकळेपणाने बोलायला हवे.

जंतुसंसर्ग, मेंदूजलाची गळती, प्लेटलेट घसरलेल्या रुग्णातला रक्तस्राव यांवर शस्त्रक्रियेच्या टीमची नजर असते. पंपात औषध पुन्हा भरण्याच्या, म्हणजे रिफिलच्या दिवसाकडे मात्र नेहमीचे काम म्हणून पाहिले जाते.

पंपाच्या मध्यावरच्या रबरी चकतीतून सुई आत जावी लागते. पोटात पाणी झाले असेल किंवा पंप कलला असेल, तर ती चकतीच्या बाजूने कातडीखाली उतरू शकते. २० मिलीलिटर औषध, दर मिलीलिटरला २० मिलिग्रॅम मॉर्फिन. म्हणजे ४०० मिलिग्रॅम एकाच वेळी कातडीखाली. रुग्ण गुंगतो, श्वास मंदावतो आणि पंप मात्र रिकामाच! नॅलोक्सोनच्या एका इंजेक्शनने भागत नाही. त्याचा असर मॉर्फिनच्या आधी ओसरतो. म्हणून आधीचे उरलेले औषध काढून मोजणे, तो आकडा प्रोग्रामरशी ताडणे, भरताना मध्येच थोडे परत ओढून पाहणे आणि नंतर रुग्णाला काही वेळ थांबवून घेणे, यातले काहीही गर्दीच्या दिवशीसुद्धा टाळू नये.

पंपातले औषध मणक्यात नेणाऱ्या नळीच्या, म्हणजे कॅथेटरच्या टोकाशी होणारी दाहाची गाठ (ग्रॅन्युलोमा) अधिक फसवी. तीव्र मॉर्फिन दीर्घकाळ चालू राहिले की तिचा धोका वाढतो. डोस वाढवूनही वेदना चढत जाते, पायांना मुंग्या येतात, चाल अडखळते, लघवी अडते. कर्करुग्णात हे सारे मेटास्टेसिसच्या खात्यावर जमा होते आणि डोस आणखी वाढवला जातो. कधी ते खरोखर मेटास्टेसिसच असते. पण एमआरआयशिवाय ठरवायचे कसे? त्या चुंबकीय क्षेत्रात अनेक पंपांची मोटर थांबते; स्कॅननंतर ती पुन्हा सुरू झाली की नाही, हे तपासूनच रुग्णाला सोडावे.

कॅथेटर पिळवटला किंवा निसटला, तर औषध अचानक तुटते. मिश्रणात क्लोनिडीन असेल तर रक्तदाब उसळतो. अशा रात्री रुग्ण पोहोचतो तो जवळच्या तालुक्याच्या दवाखान्यात, जिथे कुणी हा पंप पाहिलेलाही नसेल. औषधांची नावे, तीव्रता, रोजचा डोस, पुढच्या रिफिलची तारीख आणि रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर लिहिलेले मराठी-इंग्रजी कार्ड घरच्यांच्या हाती दिल्यावरच डिस्चार्जच्या कागदावर सही व्हावी.