रात्री नऊचा फोन कुणी घ्यायचा?

समान कामाला समान वेतन हवे, यावर जाहीरपणे आता कुणी वाद घालत नाही. आपल्याकडे त्यासाठी १९७६ सालीच कायदा झाला. तरीही वकिली, वित्तक्षेत्र, व्यवस्थापन अशा मोठ्या पगारांच्या व्यवसायांत बायकांची मिळकत मागे पडतेच. साहेब पक्षपाती असतो, असे म्हणून मोकळे होणे सोपे. (तसे साहेबही असतात, नाही असे नाही.) पण हार्वर्डच्या अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवलेले कारण मला अधिक अस्वस्थ करते. बायकांच्या नोकरीचा आणि मिळकतीचा माग काढल्याबद्दल २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

शिकागो विद्यापीठातून व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्यांचा पुढचा प्रवास त्यांनी दोन सहकाऱ्यांसह तपासला. सुरुवातीला पगार जवळपास सारखे. दहा-पंधरा वर्षांत मात्र अंतर रुंदावले, आणि त्यातला बराच वाटा मुले झाल्यावर कमी झालेल्या तासांचा व नोकरीतल्या खंडाचा होता.

गोम अशी, की अशा नोकऱ्यांत दुप्पट वेळ देणाऱ्याला दुपटीहून जास्त मिळते. रात्री नऊला अशिलाचा फोन घेणारा पुढे जातो. इकडे मूल तापाने फणफणले, की दोघांपैकी एकाला घरी थांबावेच लागते. दोघांनीही बेताची नोकरी धरली तर घराचे नुकसान. म्हणून एक धावतो, एक थांबते. हिशेब चोख असतो. मला राग येतो तो या चोखपणाचाच. नवऱ्याच्या बढतीत बायकोची बढती जिरलेली असते, आणि त्याच्या पगारपत्रकावर तिची कुठेच नोंद नसते.

अमेरिकेतल्या फार्मासिस्ट मंडळींचे मात्र वेगळे झाले. पूर्वी स्वतःचे दुकान चालवणारा दिवसरात्र बांधलेला असे. पुढे दुकानांच्या साखळ्या आल्या, औषधे तयार पाकिटांत आली, गिऱ्हाइकाची नोंद संगणकावर गेली. एकाचे काम दुसऱ्याला सहज पुढे नेता येऊ लागले. आज तिथे निम्म्याहून अधिक बायका आहेत, आणि कमी तास काम केले म्हणून तासाचा दर फारसा घसरत नाही. कुणाला बायकांचा कळवळा आला होता असे नाही. कामाची घडीच बदलली.

आपण २०१७ साली बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांवर नेली, ते उत्तमच. पण त्या दुरुस्तीत बापाला एक दिवसही दिला नाही. मग मुलाखतीला आलेल्या मुलीला लग्नाबद्दल विचारले जाते, मुलाला नाही. बापालाही रजा हवी, आणि ती त्याने घेतलीच पाहिजे. शिवाय अशिलाची फाइल एकाऐवजी दोघांना ठाऊक असली, तर नऊचा तो फोन आळीपाळीने घेता येईल. एखाद्या कचेरीने वर्षभर तरी हे करून पाहावे.