ग्रंथपाल निवृत्त झाले, पुढे?

विद्यापीठांची आणि महाविद्यालयांची ग्रंथालये अधूनमधून एक वार्तापत्र काढतात. दोन पाने, फार तर चार. त्यात दोन सदरे हमखास असतात. एक कर्मचारी वार्ता आणि दुसरे आगामी कार्यक्रम. अमुक श्री. नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाले, त्यांना शाल-श्रीफळ देऊन निरोप देण्यात आला. पुढील महिन्यात ग्रंथप्रदर्शन भरेल, सर्वांनी लाभ घ्यावा. बस्स! ही पत्रके वाचायची मला जुनी खोड आहे. बहुतेक लोक ती चहाच्या कपाखाली ठेवतात, मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. आणि दर वेळी एक प्रश्न पडतो. जो गेला त्याच्या जागी कोण आला, हे कधीच का छापत नाहीत?

हा प्रश्न मला नव्याने टोचला तो गोव्यात नव्हे, तर पांढुर्ण्याला. नागपूरला एका कामासाठी गेलो होतो. दोन दिवस हाताशी होते म्हणून इटारसीच्या दिशेने जाणारी गाडी धरली. काटोल, नरखेड आणि मग महाराष्ट्र संपतो. म्हणजे नकाशावर संपतो. पांढुर्ण्याच्या बाजारात उतरलात तर पाट्या हिंदी आणि बोलणे मराठी. संत्री, कापूस, पोळा, सगळे ओळखीचे. बाहेरच्या जगाला हे गाव वर्षातून एकदाच आठवते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. दूरदर्शनवाले दगड दाखवतात आणि जातात. तिथे माणसे काय वाचतात हे विचारायला कोणी कॅमेरा घेऊन जात नाही!

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण आपल्याकडे तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी नागपूर. १९२३ साली तिथे विद्यापीठ झाले. त्याच नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या हरिसिंग गौर यांनी १९४६ साली सागरला स्वतःच्या पैशाने दुसरे विद्यापीठ उभे केले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडचे पांढुर्णा आणि सौंसर हे मराठी तालुके त्याच्याबरोबर तिकडेच राहिले. २०१९ साली छिंदवाड्याला स्वतंत्र विद्यापीठ झाले, पुढे त्याला राजा शंकर शाह यांचे नाव मिळाले. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हाही झाला. म्हणजे कारभाराची दारे जवळ आली. पण शाळेत हिंदी, कॉलेजात हिंदी, कचेरीत हिंदी, आणि घरात मराठी ही स्थिती तशीच.

तिथे मला एक निवृत्त ग्रंथपाल भेटले. त्या भागातल्या एका महाविद्यालयात त्यांची हयात गेली. नाव देत नाही, त्यांनाही ते आवडणार नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून संत्र्यांच्या भावापासून सुरुवात झाली आणि गाडी पुस्तकांवर आली. मी विचारले, “तुमच्या ग्रंथालयात मराठी पुस्तके होती का?”

ते म्हणाले, “होती ना जी! जुन्या लोकांनी दिलेली पेट्याच्या पेट्या होती. पण रजिस्टरात पाहाल तर नाहीत. पुस्तक हरवलं नोतं भाऊ, दुसऱ्याच्या घरी जाऊन बसलं होतं.”

मग त्यांनी जे समजावले ते ऐकून मी थक्क झालो, कारण आपल्या गोव्यात हेच घडते आणि आपण कधी त्याकडे पाहत नाही.

पुस्तक ग्रंथालयात आले की त्याला एक अंक मिळतो. जगभर चालणाऱ्या ड्युईच्या दशांश पद्धतीत हिंदी साहित्याचा अंक ८९१.४३ आणि मराठी साहित्याचा ८९१.४६. फरक शेवटच्या एका आकड्याचा. आता पेटी उघडणारा माणूस फक्त हिंदी वाचणारा आहे असे समजा. मुखपृष्ठावर देवनागरी दिसते. तो तीन लिहितो, सहा लिहीत नाही. त्याचा काही दुष्ट हेतू नसतो. पण त्या क्षणी ते पुस्तक मराठी वाचकाच्या दृष्टीने मेलेले असते. हिंदीचा वाचक ते उघडतो, आहे-नाहीच्या जागी ‘आहे’ दिसले की गोंधळून परत ठेवतो. मराठीचा वाचक त्या कपाटाकडे जातच नाही. दहा वर्षांनी कोणीतरी अहवाल लिहितो की अमुक पुस्तके एकदाही बाहेर गेली नाहीत, सबब ती निर्लेखित करावीत. आणि रद्दीवाला येतो.

बरे, विषयाचे काय? मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. तुरुंगाविषयीचे मराठी पुस्तक शिक्षणशास्त्राच्या फळीवर पोचायला एवढे पुरे आहे! नावांची तऱ्हा तर विचारू नका. हिंदीच्या नेहमीच्या लिखाणात ळ नाही. म्हणून टिळकांचे तिलक होते, काळ्यांचे काले, गाडगीळांचे गाडगिल. कार्डांचे कपाट होते तेव्हा शेजारची दोन-चार कार्डे चाळताना माणसाच्या ध्यानात यायचे. आता संगणकावर ‘टिळक’ टंकले आणि नोंद ‘तिलक’ अशी केलेली असली तर यंत्र शांतपणे सांगते की असे पुस्तक नाही. यंत्र खोटे बोलत नाही, त्याला जे सांगितले तेवढेच ते जाणते.

त्या गृहस्थांनी नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत एक वही केली होती. चुकीच्या फळीवर गेलेली मराठी पुस्तके एकेक करून हुडकायची, दाखल क्रमांक लिहायचा, नाव मराठीत नीट लिहायचे, आणि कोणा घराण्याने ते दिले हे आठवत असेल तर तेही. कुणी सांगितले नव्हते. वरच्यांना ठाऊकही नव्हते. निवृत्त होताना त्यांना शाल मिळाली, त्यांच्याविषयी तीन ओळी छापून आल्या. वही कुणी मागितली नाही. जागा काही काळ रिकामी राहिली, मग कंत्राटावर एक मुलगा आला. मुलगा चांगला, संगणकात हुशार. मराठी घरात बोलतो, पण छापील मराठी वाचायची सवय नाही. ही त्याची चूक म्हणावी काय? त्याला शाळेत मराठी मिळालीच कुठे!

आता कोणी म्हणेल, पांढुर्ण्याची कथा गोव्याला काय करायची आहे? मला वाटते, नीट पाहिले तर आपली अवस्था फार वेगळी नाही. आपणही सीमेवरचेच. आपल्याकडे कोकणी आणि मराठी दोन्ही देवनागरीत, आणि दोन्हींची सरमिसळ कपाटात झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहे (कुठे ते सांगत नाही, उगाच भांडण नको). त्यात पोर्तुगीजची भर. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचे, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी. आज त्याला कृष्णदास शामांचे नाव आहे, ज्यांनी सोळाव्या शतकात मराठीत कृष्णचरित्र लिहिले. अशा ग्रंथालयाची खरी श्रीमंती पोर्तुगीज, मराठी, कोकणी अशा तिन्ही अंगांनी वाचू शकणाऱ्या माणसांत होती. १९६१ नंतर पोर्तुगीज शाळेत शिकलेली पिढी नोकरीत होती तोवर काम निभावले. ती पिढी एकेक करून निवृत्त झाली तेव्हा कर्मचारी वार्तेत त्यांच्या नावापुढे ‘सेवानिवृत्त’ एवढेच छापले गेले. त्यांच्याबरोबर एक भाषाही इमारतीबाहेर गेली, हे कुठे छापले?

पिळर्णच्या पांडुरंग पिसुर्लेकरांचे उदाहरण घ्या. १९३० ते १९६१ अशी तीन दशके त्यांनी गोव्याचे पुराभिलेखागार सांभाळले. मोडी कागद आणि पोर्तुगीज दप्तर शेजारी ठेवून वाचणारा माणूस त्या खुर्चीत होता, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाला पोर्तुगीज कागदांचा आधार मिळाला. कागद त्यांच्या आधीही तिथेच होते! त्यांचा ग्रंथसंग्रह आज गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, ही आपली भाग्याची गोष्ट. प्रत्येक खुर्चीत पिसुर्लेकर मिळणार नाहीत, हे मलाही कळते. पण खुर्ची भरताना ‘कोणत्या भाषा वाचता येतात’ हे विचारायला काय हरकत आहे? पदवी विचारतात, संगणकाचे प्रमाणपत्र विचारतात, भाषा विचारतात ती राजभाषा. कपाटात कोणत्या भाषा आहेत ते पाहून कोणी प्रश्न काढत नाही.

आगामी कार्यक्रमांविषयीही बोलायला हवे. १२ ऑगस्ट हा रंगनाथनांचा जन्मदिवस, ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. १४ सप्टेंबरला हिंदी दिवस. १५ ऑक्टोबरला महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. सगळीकडे ठरलेला साचा: फोटोला हार, पाहुण्यांचे भाषण, टेबलावर मांडलेली शंभर पुस्तके जी संध्याकाळी पुन्हा कपाटात जातात. मी या दिवसांच्या विरोधात नाही. पण रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली, त्यांत प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे एक सूत्र आहे. त्यांच्या फोटोला हार घालून ४३ मध्ये अडकलेले पुस्तक तसेच ठेवणे ही त्यांची थट्टाच झाली.

त्याऐवजी एक दिवस कपाटे उघडावीत. छिंदवाड्याच्या विद्यापीठाने सौंसर-पांढुर्ण्याच्या वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना बोलवावे, त्यांच्या शेजारी संगणक जाणणारी मुले बसवावीत. म्हाताऱ्याने नाव वाचावे, मुलाने नोंद दुरुस्त करावी. भाषण नाही, हार नाही, दुपारी झुणका-भाकर. एका दिवसात किती पुस्तके घरी परततील! आणि त्या मुलांना देवनागरी येतेच, मराठी कानाला लागलेली असतेच. लिपीचा डोंगर त्यांच्यापुढे नाही. कित्येकांना पहिले मराठी पुस्तक हातात धरायचे तेवढेच बाकी आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असतो तो पैशाचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. तेव्हापासून अध्यासनांची, केंद्रांची, संमेलनांची चर्चा चालू आहे. चालू द्या. पण महाराष्ट्राबाहेर मराठी पुस्तके असलेल्या एका विद्यापीठ ग्रंथालयात मराठी वाचणारा एक सहायक नेमायला अध्यासनाच्या मानाने कितीसा खर्च येतो? महाराष्ट्राने १९६७ साली ग्रंथालयांचा कायदा केला, गोव्याने १९९३ साली. असा कायदा करणाऱ्या राज्यांत २०१० पर्यंत तरी मध्य प्रदेशाचे नाव नव्हते. तेव्हा गावोगावी सार्वजनिक वाचनालय असेल आणि मराठी तिथे तग धरेल, ही आशा सौंसरच्या वाचकाने कोणाच्या भरवशावर धरायची? त्याला उरते ते महाविद्यालयाचे आणि विद्यापीठाचे कपाटच.

कर्मचारी वार्तेत माझी मागणी अगदी साधी आहे. निवृत्त होणाऱ्याच्या नावाखाली तीन ओळी वाढवा: याला कोणत्या भाषा वाचता येत होत्या, याने कोणते काम अर्धे सोडले आहे, आणि ते पुढे कोण करणार. तिसऱ्या ओळीत लिहायला नाव नसेल तर ती जागा कोरी छापा. कोरी जागा डोळ्यांत खुपते, ‘सेवानिवृत्त’ हा शब्द खुपत नाही.

निघताना मी त्या गृहस्थांना वही दाखवता का म्हणून विचारले. ते आत गेले, बऱ्याच वेळाने घेऊन आले. शाळकरी मुलांची दोनशे पानी वही, तीन-चतुर्थांश भरलेली. शेवटच्या पानावर दाखल क्रमांक होता, पुस्तकाचे नाव अर्धे लिहिलेले. मी म्हटले, हे अर्धे का? तर म्हणाले, “त्या दिवशीच निरोप होता ना जी. बोलवायला आले, उठून गेलो.”