आवाज बिघडला की आधी दोष शोधा

डेस्कटॉपचा आवाज बिघडला की आपल्याकडे दोनच औषधं चालतात: विंडोज फॉर्मॅट मारा, नाहीतर नवे स्पीकर आणा. युनिटमध्ये हेच पाहतो, सुट्टीवर गेलो की माजी सैनिक बांधवांच्या घरीही हेच. माझ्या मते ही दुरुस्ती नव्हे, अंधारातला गोळीबार आहे. फॉर्मॅटमध्ये पेन्शनचे कागद आणि नातवंडांचे फोटो जातात, आणि महिन्याभरात खरखर पुन्हा हजर.

सिग्नल्समध्ये लाइन बंद पडली की आम्ही ती मधोमध तपासतो. एक अर्धा भाग चांगला निघाला की दोष उरलेल्या अर्ध्यात. इथेही तेच करा. स्पीकर मोबाइलला लावा. नीट वाजले तर स्पीकर निर्दोष. मग पेन ड्राइव्हवरून उबंटू नुसतं चालवून पाहा, इन्स्टॉल करू नका. तिथे आवाज स्वच्छ आला तर हार्डवेअर ठीक आहे, दोष विंडोजच्या सेटिंगमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये.

तक्रार नेमकी कोणती, तेही ऐका. आवाज अजिबात नसेल तर पिन मागच्या हिरव्या जॅकमध्येच आहे ना, ते बघा. गुलाबी माइकचा असतो. एचडीएमआयने मॉनिटर जोडला असेल तर विंडोज कधी कधी आवाज परस्पर तिकडे वळवतं, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतात. आवाज तुटत असेल तर मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरचा ड्रायव्हर टाका. आसामसारख्या दमट भागात जॅकच्या पिनाही खराब होतात. पिन हलवल्यावर खरखर झाली तर तिथेच बघा.

तिसरी तक्रार म्हणजे सतत घुमणारी गुणगुण. हिच्याबद्दल मला खरं बोलायचं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. तोच सूर स्पीकरमधून येतो. कॉम्प्युटर एका बोर्डावर, अँप्लिफायर दुसऱ्यावर, आणि दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असलं की फरकाचा प्रवाह ऑडिओ केबलमधून वाहतो. अशा वेळी कोणीतरी जाणकार तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकतो. गुणगुण थांबते, सगळे खूश.

पण तीच पिन माणसाला वाचवते. ती नसली की कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येतात, कारण पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून थोडी वीज पत्र्यावर उतरते. आत कुठे इन्सुलेशन फाटलं तर पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट. जीव जायला तेवढे पुरेत.

योग्य उपाय स्वस्त आहे. कॉम्प्युटर आणि अँप्लिफायर एकाच बोर्डावर घ्या. तरी गुणगुण राहिली तर ऑडिओ केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. जैसलमेरच्या कोरड्या वाळूत अर्थिंग धरत नाही, म्हणून मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं. जिथे पिण्याचं पाणीही मोजून वापरतात तिथे हे कोणाला उधळपट्टी वाटेल. मला ती बादली कुठल्याही नव्या स्पीकरपेक्षा मोलाची वाटते.

तेव्हा बांधवांनो, दुरुस्त करणारा आला की त्याला आधी विचारा, ‘दोष कुठे आहे?’ उत्तर नसेल तर त्याच्या हातात ना फॉर्मॅटची सीडी द्या, ना पक्कड.