गरज सरली, औषधविक्रेता विसरला!

२४ मार्च २०२० च्या रात्री देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली आणि शाळा, कचेऱ्या, बाजारपेठा, मंदिरे, उपनगरी गाड्या, सारे काही थांबले. वस्तीतल्या कित्येक डॉक्टरांनीही दवाखान्यांना कुलूप लावले. उघडे राहिले ते कोपऱ्यावरचे औषधांचे दुकान. अत्यावश्यक सेवा म्हणून शासनाने त्याला सूट दिली, हे खरे; परंतु सूट कागदावर मिळते, दुकान उघडायला माणूसच लागतो. बाहेर साथ आणि घरात वृद्ध आईवडील, अशा स्थितीत हा माणूस रोज सकाळी दुकान उघडत राहिला. आज त्याचे स्मरण किती जणांना आहे?

'त्याचा तर धंदाच होता, त्यात विशेष ते काय?' असे विचारणारे महाभाग पुष्कळ आहेत. त्यांनी त्या दिवसांत दुकानाच्या फळीमागे काय चालले होते, ते आठवून पाहावे. दारापुढे खडूची वर्तुळे आखली गेली, दोरी बांधली गेली, फळीवर प्लास्टिकचा पडदा आला. एवढे तर कोणत्याही दुकानदाराने केले. पण खरा बदल कामाच्या स्वरूपात झाला. डॉक्टरांची चिठ्ठी भ्रमणध्वनीवर छायाचित्राच्या रूपाने येऊ लागली. वाहतूक ठप्प झाल्यामुळे ठोक विक्रेत्याकडून हव्या त्या कंपनीचे औषध मिळेना. तेव्हा त्याच घटकद्रव्याचे दुसरे कोणते औषध उपलब्ध आहे हे शोधणे आणि डॉक्टरांना दूरध्वनी करून त्यांची संमती घेणे, हे रोजचे काम झाले. मधुमेह, रक्तदाब, दमा, अपस्मार यांच्या रुग्णांच्या गोळ्या एक दिवसही चुकून चालत नाहीत. ज्यांना घराबाहेर पडणे शक्य नव्हते, त्यांच्या दारापर्यंत त्या दुचाकीवरून पोहोचल्या.

नाही म्हणण्याचे धैर्य

औषध देणे हे जसे कर्तव्य, तसेच प्रसंगी ते नाकारणे हेही कर्तव्यच असते. मार्च २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध प्रतिबंधक म्हणून सुचविले, ते आरोग्य कर्मचारी आणि रुग्णांच्या निकट संपर्कातील व्यक्तींसाठी. प्रत्यक्षात धडधाकट माणसे साठा करण्यासाठी धावली. संधिवात आणि ल्युपसचे जे रुग्ण वर्षानुवर्षे या गोळीवर विसंबून होते, त्यांनाच ती मिळेनाशी झाली. २६ मार्चला शासनाने या औषधाला 'एच-१' परिशिष्टाचे निर्बंध लावले, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही आणि प्रत्येक विक्रीची स्वतंत्र नोंद. हा निर्बंध कोणी अमलात आणला? समोरच्या ओळखीच्या ग्राहकाचा रोष पत्करून 'मिळणार नाही' असे सांगणाऱ्या औषधविक्रेत्याने! २०२१ च्या दुसऱ्या लाटेत फिरत्या संदेशांतील औषधांच्या याद्या घेऊन लोक स्टेरॉइड मागू लागले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर यांतून म्युकरमायकोसिसने कसा कहर केला, हे सर्वांनी पाहिले. ज्याने त्या वेळी चिठ्ठीचा आग्रह धरला, त्याने किती डोळे वाचविले याची गणती कोठेही होणार नाही.

शासनाचे दुहेरी माप

शासनाला मात्र या माणसाची आठवण सोयीनुसार होते. एप्रिल २०२० मध्ये तेलंगणा आणि आंध्र प्रदेशात ताप-खोकल्याची औषधे घेणाऱ्यांची नावे कळविण्याचे काम औषध दुकानांकडे सोपविण्यात आले. म्हणजे साथीवरील पाळतीसाठी तो आरोग्य यंत्रणेचा घटक ठरला. परंतु आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या ५० लाख रुपयांच्या विम्याचा विषय आला, तेव्हा तो दुकानदार! जानेवारी २०२१ मध्ये लसीकरणाचा अग्रक्रम ठरला, तेव्हाही तो दुकानदारच! हा कोठला न्याय?

त्याच २६ मार्चच्या आणखी एका अधिसूचनेने घरपोच औषधविक्रीला परवानगी मिळाली. परवानाधारक दुकान आणि रुग्ण एकाच महसुली जिल्ह्यातले हवेत, अशी तिची अट होती. संकटकाळी ती आवश्यकच होती. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचे जाहीर केल्यानंतरही ही सवलत उरलीच. मोठ्या भांडवलाच्या ऑनलाइन कंपन्या तिची ढाल करतात, असा आरोप करीत औषध विक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेला २०२४ मध्ये ती रद्द करण्याची मागणी करावी लागली. भरघोस सवलतीचे आमिष दाखवून शेजारचे दुकान बंद पाडले, तर पुढच्या साथीत रात्री अकरा वाजता कोणाचे दार ठोठावायचे, याचे उत्तर या कंपन्यांकडे आहे काय?

अर्थात औषधविक्रेत्यांनीही आरशात पाहिले पाहिजे. साथीच्या आरंभी मुखपट्ट्या आणि जंतुनाशक द्रव यांचे भाव असे भडकले की, २१ मार्च २०२० रोजी तिहेरी मुखपट्टीला १० रुपये आणि २०० मिलिलिटर द्रवाला १०० रुपये अशी कमाल किंमत शासनाला ठरवावी लागली. नफेखोर थोडे असतील, पण कलंक सर्वांना लागला. फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर आणि फार्मासिस्ट मात्र दुसरीकडे नोकरीला, हा प्रकारही सर्वश्रुत आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे ४२ वे कलम सांगते की, औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे. २०१५ च्या नियमावलीने रुग्णाला समुपदेशन करण्याची जबाबदारीही त्याच्यावर टाकली आहे. प्रमाणपत्र भाड्याने देणाऱ्याला आरोग्यसेवक म्हणून मान मागण्याचा अधिकार नाही.

जगाने या साथीतून धडा घेतला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स या देशांत फार्मासिस्टने कोरोनाची लस टोचली. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून सात किरकोळ आजारांवरील उपचार औषध दुकानातच मिळू लागले. आपल्याकडे गावोगावी दुकान आणि शिकलेला माणूस असूनही कोरोनाच्या लसीकरणात त्याच्या हाती सुई दिली गेली नाही. योग्य प्रशिक्षण देऊन त्याला लसीकरणात सामावून घेणे, आपत्तीच्या यादीत त्याचे नाव आरंभीच घालणे आणि दुकानात त्याची उपस्थिती काटेकोरपणे तपासणे, या तीनही गोष्टी एकाच वेळी झाल्या पाहिजेत.

समाजाचेही काही कर्तव्य आहे. औषध घेताना 'फार्मासिस्ट कोठे आहेत?' असे प्रत्येक कुटुंबाने विचारावे, चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक मागू नये आणि चार रुपयांच्या सवलतीसाठी संकटातल्या सोबत्याला सोडू नये. साथ पुन्हा येईल, तेव्हा कोपऱ्यावरचा दिवा पेटलेला असावा असे वाटत असेल, तर तो आजच जपला पाहिजे.