लॉग द्यावा, पण किती?

गेल्या शनिवारी महाडला गेलो होतो. संध्याकाळी चवदार तळ्याच्या काठावर बसलो होतो, तेवढ्यात एका मित्राचा फोन. तो एका छोट्या ऑफिसचं नेटवर्क सांभाळतो. "अरे, बाहेरून कोणीतरी सारखं लॉगिन ट्राय करतंय. फायरवॉलचा आठवड्याचा लॉग ग्रुपवर टाकतो, कोणीतरी बघेल." म्हटलं, थांब जरा!

लॉग म्हणजे नुसते आकडे असं आपल्याला वाटतं. पण कुठल्या मशीनवरून, किती वाजता, कुठे जोडणी झाली हे सगळं त्यात असतं. ऑफिसातलं कोण कुठल्या हॉस्पिटलची साइट बघतं, तेही कळतं. वर आतल्या सर्व्हरची नावं आणि उघडे पोर्ट. चोराच्या हाती घराचा नकाशाच की!

"मग आयपी हॅश करून टाकतो." त्यानेही भागत नाही. आयपीव्ही४ चे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. साधा हॅश असेल तर सगळे ताडून बघणं आजच्या संगणकाला अवघड नाही. २००६ मध्ये एओएलने नावांऐवजी क्रमांक घालून लाखो लोकांचे सर्च जाहीर केले; पत्रकारांनी त्यातून एका बाईंना शोधून काढलं.

आणि लॉग चुकीचा वाचला तर? २००७ मध्ये ऑर्कुटवरच्या शिवाजी महाराजांबद्दलच्या मजकुरावरून पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका इंजिनिअरला पकडलं. इंटरनेट कंपनीने दिलेली आयपीची माहिती चुकीची होती. तो बिचारा सुमारे ५० दिवस तुरुंगात!

फोन ठेवला आणि समोरच्या पाण्याकडे बघत राहिलो. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांबरोबर लोक इथलं पाणी प्यायले आणि त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले. त्या दिवशी कोणी नाव-गाव-वेळ लिहून वही ठेवली असती, तर ती कोणाच्या हाती पडली असती? कोण कुठे होतं याची यादी कधीच निरुपद्रवी नसते.

लॉग ठेवायलाच हवा. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांना तो १८० दिवस ठेवावाच लागतो. मदतीसाठी द्यावाही. पण हल्लेखोराचे पत्ते, टाइमझोनसकट वेळ आणि लागतील तेवढ्याच ओळी. आतल्या माणसांचं काही नको, आणि ग्रुपवर तर नकोच.

रात्री मित्राने फक्त बारा ओळी पाठवल्या. तेवढ्या पुरल्या.